न झालेलं पानिपत

आमच्या मामांच्या घरात पानिपतची लढाई अजून झालेली नाही. मराठ्यांचा तळ तिथे तसाच पडून आहे, राहुट्यांच्या दोऱ्या ताणलेल्या आहेत, घोडे दाण्यावाचून रोडावले असले तरी पायांवर उभे आहेत, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ काही केल्या उजाडत नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लग्नानंतर वर्षभरातच ते तिच्यापेक्षा माझे जास्त मामा झाले. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ते आणि मामी राहतात. फोर्टातल्या एका विमा कचेरीत त्यांनी सारी नोकरी काढली आणि उरलेला सगळा वेळ वाचनात काढला. किंवा त्यांच्या कचेरीतले लोक म्हणत तसं, वाचनातून उरलेल्या वेळात नोकरी केली. हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत इतिहासाची पुस्तकं आहेत. त्यातलं कुठलंही काढून पाहा. सुरुवातीची पानं हाताळून मऊ पडलेली, कडांना पेन्सिलीच्या खुणा, मध्येच हळदीचं बोट उमटलेलं. मग एका ठिकाणी बसचं जुनं तिकीट खोचलेलं, आणि तिकिटापुढची पानं दुकानातून आणली त्या दिवशी होती तितकीच कोरी करकरीत. पराभवाची चाहूल लागली की मामा पुस्तक मिटतात. त्यामुळे त्यांच्या कपाटात विजयनगर सुखात नांदतं आहे, शनिवारवाड्यावर जरीपटका फडकतो आहे, आणि फ्रान्सचा बादशहा रशियाच्या वाटेवर असला तरी त्याला अजून थंडी वाजलेली नाही.

हा माणूस मुळातच शेवटाला घाबरतो असं कोणाला वाटेल, तर तसंही नाही. दुपारच्या चहानंतर ते हलकंफुलकं वाचतात, म्हणजे रहस्यकथा, प्रेमकथा, क्वचित भुताच्या गोष्टी. आणि तिथे मात्र ते पहिल्यांदा शेवटचं पान उघडतात. खुनी कोण हे एकदा कळलं की उशी पाठीशी सरळ करून, पाय लांब करून, निवांत पहिल्या पानाकडे येतात. त्यांचं म्हणणं असं की, माणूस गेला तो गेलाच, निदान कोणी मारलं ते ठाऊक असलं म्हणजे बाकीच्यांशी मोकळ्या मनानं वागता येतं. याचा त्रास मामींना. वाचनालयातून आणलेली तीच कादंबरी मामांच्या नंतर मामींकडे जाते. मामी निवृत्त शिक्षिका, त्यांचं वाचन शिस्तीचं. त्या तिसाव्या पानावर असताना मामा स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाता जाता थबकणार आणि हळहळून म्हणणार, "त्या डॉक्टरकडून औषध घेते आहे का ती? घेऊ दे बापडी." संपली कादंबरी. शेवटी मामींनी क्रम बदलून आधी स्वतः वाचायचं ठरवलं, तर मामा त्यांच्या हातातलं पुस्तक दोन मिनिटांसाठी मागून घेत आणि शेवटचं पान पाहून परत देत. मग मामींनी शेवटच्या प्रकरणाला सेफ्टी पिन लावायला सुरुवात केली. पिन लावलेलं पुस्तक घरात असलं की मामांचं जेवणात लक्ष नसे. एकदा तर ते वाचनालयात जाऊन तिथल्या बाईंनाच विचारून आले की त्या बंगल्यातला माळी सुटतो ना. बाईंनी ती कादंबरी वाचलेली नव्हती. त्यांनी यांच्या समाधानासाठी सुटतो म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात माळ्यानंच खून केला होता, आणि त्या बाईंच्या शब्दाची किंमत आमच्या घरात तेव्हापासून उतरली ती उतरलीच.

प्रेमकथांशीही त्यांचं जमत नाही आणि त्यांच्यावाचून करमतही नाही. दोनशे पानांत नायिकेनं एकदाही कुकर लावला नाही, ही त्यांची एक कायमची तक्रार. नायक भर दुपारी समुद्रावर भेटतो, तर तो कामाला कुठे आहे आणि रजा कुठली टाकून आला आहे, हे लेखकानं सांगायला नको का, ही दुसरी. मामांना मोठ्या प्रश्नांत रस नाही. राज्य का बुडालं, कोणाचं चुकलं, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची मंडळी तावातावानं भांडत असतात, तेव्हा मामा चणे खात मैदानाकडे बघतात. त्यांची जिज्ञासा नेहमी बाजूच्या गोष्टींत. राजाला राज्याभिषेक झाला हे ठीक, पण त्या दिवशी भांडी कोणी घासली? वकील तह करायला महिनाभर दुसऱ्याच्या छावणीत राहिला, त्याचं धोतर कोण धूत होतं? आणि सगळ्यांत लाडका प्रश्न म्हणजे, फौज जेवली काय. लढाई कुठलीही असो, मामा पहिल्यांदा धान्याचा हिशोब बघणार, पाणी किती लांब होतं ते बघणार, सरपण मिळत होतं का ते बघणार. पानिपतच्या तळावर बाजार कसा भरत होता, बरोबर आलेल्या यात्रेकरूंचे काय हाल होत होते, बैल कधीपासून कमी पडायला लागले, हे ते असं सांगतात की आपण कालच तिथून उपाशी परत आलो आहोत असं वाटावं. हे ऐकत असताना मामी मध्येच उठून आपल्याला पोहे आणून देतात.

पुस्तकात उत्तर नसेल तर मामा बाहेर शोधायला जातात. आरमारावरचं एक पुस्तक वाचताना त्यांना प्रश्न पडला की वारा पडला तर गलबतावरचे लोक दिवसभर करत काय असतील. त्यासाठी ते सलग काही दिवस सकाळी वरळी कोळीवाड्यात जाऊन बसले. तिथल्या एका मावशींनी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि आधी मासे घ्या, मग विचारा, असं सांगितलं. मामा शब्द पाळणारे. त्यांनी रोज मासे घेतले आणि रोज विचारलं. उत्तर काही नीट मिळालं नाही, पण आमच्या मामींना मराठ्यांचा आरमारी इतिहास तेव्हापासून फार प्रिय आहे. मामी मूळच्या लालबागच्या, घर मालवणी. ताज्या बोंबलांसाठी त्या वाटेल त्या शतकात जायला तयार असतात.

तरी मुख्य कोडं राहतंच. इतकं सगळं खोदून विचारणारा माणूस शेवट का वाचत नाही, हे मी त्यांना अनेकदा विचारलं आहे, आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं आहे. एकदा म्हणाले, पुढचं सगळ्यांना माहीत असतं, वाचायचं कशाला. एकदा म्हणाले, डॉक्टरांनी जागरण करू नका म्हणून सांगितलं आहे. एकदा पुस्तकाच्या कोऱ्या पानांवरून हात फिरवत म्हणाले, "इथपर्यंत ते सगळे जिवंत आहेत हो." हे बोलताना ते हसत होते, म्हणून मीही हसलो. 'अमक्याचं पानिपत झालं' असा वाक्प्रचार कोणी सहज वापरला, तरी त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होतो, हे मी पाहिलं होतं. पण विक्षिप्त माणसाच्या विक्षिप्तपणाला कारण असावं असं आपण धरून चालत नाही. आपल्याला तो तसाच हवा असतो.

गेल्या हिवाळ्यात शिवाजी पार्कच्या सकाळच्या फिरणाऱ्यांनी एक टूम काढली. दर रविवारी फिरणं झालं की कट्ट्यावर एकानं आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं. मधुमेहावर बोलून झालं, मृत्युपत्रावर बोलून झालं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्यात एक इतिहासवाला आहे. मामांनी नाही म्हटलं. मामींनी त्यांच्या वतीनं हो म्हटलं, आणि विषयही देऊन टाकला, पानिपत. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी मामींना म्हटलं की हे जरा अवघड जागचं दुखणं होणार. मामी म्हणाल्या, "होऊ दे. एकदा पुढे जाऊ देत."

त्या रविवारी मी आणि माझी बायको मुद्दाम परळहून आलो. बॅट घेऊन पोरं मैदानात उतरत होती, आणि कट्ट्यावर स्वेटर-मफलरवाली वीस-पंचवीस मंडळी बसली होती. मामा सुरुवातीला अडखळले, पण धान्याचा विषय निघाला आणि त्यांना सूर सापडला. रसद कशी तुटली, दाणा कसा संपत आला, बायकाबाळं बरोबर असलेल्या त्या प्रचंड तळावर चुली कशा एकेक करून थंड झाल्या, हे ते हलक्या आवाजात सांगत गेले. कट्ट्यावर कोणी खोकत नव्हतं. शेवटच्या रात्री उरलंसुरलं धान्य शिजवून सगळे पोटभर जेवले, पहाटे तोंडाला हळद फासून उभे राहिले, इथपर्यंत ते आले. आणि थांबले. मैदानाकडे बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "इतकंच मला ठाऊक आहे," आणि खाली बसले. क्षणभर काय झालं ते कोणाला समजलं नाही. मग एका निवृत्त इंजिनियरनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. काय शेवट केला, किती संयम, अशी वाहवा सुरू झाली. इतिहास असा सांगावा, असं म्हणत दोघातिघांनी मामांचे हात हातात घेतले. मामी मात्र मांडीवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

घरी आल्यावर मामी थेट स्वयंपाकघरात गेल्या. चहा टाकला, कप पुसले, कपबशा टेबलावर मांडल्या आणि मग मामांना म्हणाल्या की, तुम्ही तिथे जे केलंत ते मला आवडलं नाही. मामांनी थट्टेवारी नेण्याचा प्रयत्न केला. मामी थट्टेत शिरल्या नाहीत. आमच्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते माझ्या बायकोलाही पुरतं ठाऊक नव्हतं. मामींचे वडील लालबागला राहत आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा मामा-मामींच्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. संप लांबत गेला तसे मामींचे वडील रोज संध्याकाळी लालबागहून चालत दादरला येऊ लागले. जावई शिकलेला, कचेरीत काम करणारा. त्यानं पेपर वाचून दाखवावा, संपाचं काय चाललं आहे ते सांगावं, एवढीच त्यांची मागणी. म्हणत, चाळशी घरी राहिली. मामा वाचत. आणि वाचता वाचता वाईट बातमी आली की ती गाळत. गिरणीमालक काय म्हणाले, सरकार काय म्हणालं, कुठल्या गिरणीनं यंत्रं हलवली, हे सोडून जिथे आशेचा एखादा शब्द असेल तिथे येत आणि तो दोनदा वाचत. संप हळूहळू मोडत गेला, तरी या घरात तो जिंकायच्या बेतात होता.

मामा मान खाली घालून बशीत चहा ओतत होते. ते इतकंच म्हणाले की, म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी ते कसं वाचून दाखवायचं, आणि शिवाय बिचाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही, हेच बरं झालं.

"त्यांना सगळं कळत होतं," मामी म्हणाल्या. "ते सकाळीच चाळीखालच्या वाचनालयात पेपर वाचायचे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मग संध्याकाळी तुमच्याकडे यायचे."

मामांनी बशी खाली ठेवली. मला वाटतं, माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मामी सांगत होत्या की वडील घरी जाऊन आईला हसत सांगत, 'आज जावयान अर्दो पेपर खाल्ल्यान.' आई विचारी की मग जाता कशाला इतकं चालत. तर म्हणत, इतक्या काळजीनं माझ्याशी आजवर कोणी खोटं बोललं नाही. हे वडील गेल्यानंतर आईनं मामींना सांगितलं होतं, आणि मामींनी ते इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, कारण मामांना वाईट वाटेल. म्हणजे गाळण्याचं काम या घरात एकटे मामाच करत नव्हते.

मामांनी विचारलं, हे आज का सांगितलंस.

"पानिपतवर लोक काय जेवले ते तुम्हाला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी त्या संपात काय शिजत होतं, ते तुम्ही मला आजपर्यंत विचारलं नाहीत. हरल्यावर माणसं संपत नाहीत हो. त्यानंतरही त्यांना रोज जेवायचं असतं."

पुढे जे झालं ते भांडण नव्हतं आणि समेटही नव्हता. मामा उठून आत गेले, तोंडावर पाणी मारून परत आले, खुर्ची मामींच्या समोर ओढून घेतली आणि नेहमीच्या त्यांच्या आवाजात, ज्या आवाजात ते कोळीवाड्यातल्या मावशींना गलबताबद्दल विचारत असतील त्याच आवाजात विचारलं की, काय शिजत होतं. मामींनी सांगायला सुरुवात केली. गावाहून तांदूळ यायचा तोवर पेज; मग कुळथाची पिठी, तीही पातळ; धाकट्या भावाला गावी काकांकडे धाडलं, म्हणजे एक तोंड कमी. आई शेजारपाजारच्या चार माणसांचे डबे करून देऊ लागली, आणि त्यांच्या जेवणात नारळ घालायची, घरच्या जेवणात नाही. मालवणी माणसाला बिननारळाच्या कालवणाशी जेवायला घालायचं म्हणजे काय, हे सांगताना मामी स्वतःच हसल्या. मामा एकेक विचारत गेले. सरपण की रॉकेल? डबे पोचवायला कोण जात होतं? वडील घरात दिवसभर असताना चाळीत बसायचे कुठे? काहींची उत्तरं मामींना आली, काहींची आली नाहीत. दुपारचे दोन वाजले तरी आमच्यापैकी कोणाला जेवणाची आठवण झाली नाही, आणि झाली तेव्हा मामींनी पिठलं टाकलं.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी हट्ट धरला की लालबागला जायचं. आम्हीही गेलो. मामींचं माहेर आता तिथे नाही. चाळ उभी आहे, पण खोलीत दुसरं कुटुंब राहतं. गिरणीच्या जागी काचेचा मनोरा झाला आहे, इतका उंच की वर बघताना टोपी पडावी. मामींनी वर बघितलंच नाही. त्या मामांना रस्त्याच्या पातळीवरच्या गोष्टी दाखवत होत्या. इथे आई भाजीला यायची. या ओट्यावर संपातली माणसं पत्ते खेळत बसायची, आणि वडील पत्ते न खेळता नुसते बघत उभे राहायचे. पुढे ते भायखळ्याच्या एका इमारतीत रखवालदार म्हणून लागले आणि बरीच वर्षं राहिले. रखवालदारीत वेळ जाईना म्हणून ते रहस्यकथा वाचू लागले, हे ऐकल्यावर मामा रस्त्यातच थांबले. शेवटचं पान आधी वाचत का, हे त्यांना विचारायचं होतं हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही. इतका मोह त्यांनी आवरलेला मी पहिल्यांदा पाहिला. चाळीच्या जिन्याशी मामींनी कठड्यावर हात ठेवला, जरा उभ्या राहिल्या, आणि चला म्हणाल्या. वर गेल्या नाहीत.

कपाटातल्या पुस्तकांतली तिकिटं अजून होती तिथेच आहेत. मामा त्या पानांपुढे गेलेले नाहीत, आणि मला वाटत नाही ते जातील. पण दुपारची रहस्यकथा आता बरेचदा पोटावर उपडी पडलेली असते. मामी शेंगा सोलता सोलता काहीतरी सांगत असतात आणि मामा ऐकत असतात. दोघांचीही वयं झाली आहेत. मामींना नावं आठवत नाहीत, मामांना ऐकू कमी येतं, तेव्हा त्या संपाच्या गोष्टीत काय काय मिसळत असेल देव जाणे. मी गेलो की मलाही बसवून घेतात.

लालबागहून त्या दिवशी आम्ही टॅक्सीनं परतलो. संध्याकाळ झाली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे माझी बायको, मामी आणि मामा. मामी दमून डोळे मिटून मामांच्या खांद्याला टेकल्या होत्या. परळच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मामा पुढे वाकून मला हळूच म्हणाले की, एक गोष्ट विचारायची राहिली, आणि ती आता कोणालाच माहीत नसणार. गिरणी कायमची गेली असं कळल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंगा नाही, कुठे जायचं नाही, तर त्या माणसानं उठून पहिल्यांदा काय केलं असेल?

सिग्नल सुटला.

"दाढी केली," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "रोजच्यासारखी. मग आईला म्हणाले, आज जरा उशीर झाला."